अनुस्वार की धूळ?

परदेशात बसून जुन्या मराठी पुस्तकांवर काम करायचं, म्हणजे बहुतेकदा स्कॅनवरच काम करायचं. पॉडकास्टमध्ये आपण मजकुराबद्दल भरपूर बोलतो. तो पडद्यावर आला कसा, याबद्दल फारसं नाही. पण स्कॅन ही एक आवृत्तीच असते, तेव्हा तिचंही परीक्षण व्हायला हवं.

नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच पीडीएफ निव्वळ काळ्या-पांढऱ्या असतात, करड्या छटा नाहीतच. वाचायला स्वच्छ वाटतात. पण १९६२ च्या लेखननियमांआधीचं पुस्तक घ्या. त्यात 'ती' म्हणजे एक बाई, 'तीं' म्हणजे अनेक घरं; 'नाव' पाण्यात चालते, 'नांव' माणसाला असतं. सगळा फरक एका टिंबाचा. तळटीपेतलं बारीक टिंब पाव मिलिमीटरचं धरलं, तर ३०० डीपीआयला त्याच्या वाट्याला आडवे तीनच पिक्सेल येतात. 'डाग काढा' हा पर्याय निवडला, की सॉफ्टवेअर त्याला धूळ समजून पुसून टाकू शकतं. उलट कागदावरचा खरा डाग अनुस्वार होऊन बसतो!

दुसरा धोका फाइल लहान करण्याचा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८. जेबिग२ पद्धतीत सारखी दिसणारी चिन्हं एकाच चित्राने भरली जात होती. घ-ध, ष-प, भ-म असलेल्या आपल्या लिपीला हे कसं परवडेल?

उपाय काही फार महाग नाहीत. साध्या फ्लॅटबेडवरही ४०० ते ६०० डीपीआय ठेवा, करड्या छटांत स्कॅन करा. पानामागे काळा कागद धरला, की मागची छपाई उमटत नाही. बांधणीजवळची अक्षरं धूसर येत असतील तर सीआयएसऐवजी सीसीडी स्कॅनर बघा. काचेपासून थोडं वर राहिलेलं पानही तो बऱ्यापैकी टिपतो. आणि मूळ टिफ जपून ठेवा, हलकी पीडीएफ त्यावरून करा.

स्वतःच्या वेळात ही पुस्तकं चढवणाऱ्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. म्हणूनच आपलीही एक जबाबदारी: एखाद्या टिंबावर युक्तिवाद उभा असेल, तर छापील प्रत पाहिली की नुसता स्कॅन, एवढं लेखात सांगून टाकावं.