निरुद्देश विश्रांती आणि मराठी प्रवासगद्य

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा बहुधा देशदर्शन, विनोद आणि आत्मनिष्ठा या तीन अंगांनी झाली आहे. प्रवास थांबल्यावर लेखकाची भाषा काय करते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. आज तो टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. समुद्रकाठच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये चार दिवस राहावे, कोठे जाऊ नये, काही पाहू नये, आणि त्या जागी लहान मुलांना प्रवेशही नसावा, असा एक प्रवासप्रकार मराठी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला आहे व त्याविषयी दिवाळी अंकांतून लेखनही होऊ लागले आहे. हे लेखन पुष्कळदा फसते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का फसते, याची कारणे निदान काही अंशी भाषिक आहेत.

हा प्रकार जगातही फार जुना नाही. 1950 मध्ये जेरार ब्लित्स याने मायोर्का बेटावर 'क्लब मेदितेरानी'ची पहिली वसाहत उभारली. 1981 मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे केवळ जोडप्यांसाठी 'सँडल्स' सुरू झाले. आपल्याकडे गोव्यातील आग्वाद किल्ल्यालगतचे ताज समूहाचे हॉटेल 1974 चे. व्यवसायाचा इतिहास एवढ्यावर सोडून शब्दांकडे वळू.

पनवेलजवळचे सुकापूर हे गाव 'माथेरान रस्ता' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि कोकणातून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही पनवेलपासूनच सुरू होतो. एक वाट डोंगराची, दुसरी समुद्राची. डोंगराच्या वाटेला मराठीने शब्द दिला: हवापालट. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये माथेरानावर चढले, तेव्हापासून ते ठिकाण या शब्दाशी जोडले गेले. परंतु हवापालटास आजार हवा, निदान अशक्तपणा हवा. यात्रेस दैवत हवे. सहलीस मंडळी हवी आणि संध्याकाळी परतणे हवे. विश्रांतीस तर आधी श्रम सिद्ध करून दाखवावे लागतात. यांपैकी एकही शब्द कारणावाचून उभा राहत नाही.

हीच सकारणता प्रवासगद्याच्या मुळाशी आहे. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईहून, म्हणजे सुकापुरापासून फार लांब नव्हे अशा गावाहून, 1857 साली उत्तरेस निघाले ते कर्जाच्या पायी, दक्षिणेच्या आशेने; परतले ते गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापला गेला. त्यानंतर शतक उलटले, वाहने बदलली; पण दर मुक्कामाचा जमाखर्च देण्याची वृत्ती टिकून राहिली. 'अपूर्वाई' व 'पूर्वरंग' यांसारख्या प्रसन्न पुस्तकांतही निवेदक स्वस्थ बसलेला फारसा आढळत नाही; तो बसला तरी शेजारच्या माणसाचे निरीक्षण करीत असतो. तो त्या पुस्तकांचा दोष नव्हे. दोष आहे तो तीच चाल रिसॉर्टच्या वर्णनास लावणाऱ्यांचा.

या चालीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'उठून, चहा घेऊन, आवरून निघालो' अशी ऊन-प्रत्ययान्त धातुसाधितांची साखळी हा मराठी प्रवासगद्याचा कणा होय. प्रत्येक कडी मागील क्रिया संपवते आणि पुढील क्रियेकडे ढकलते. रिसॉर्टमधील दिवसाला असा क्रम नसतो. मग लेखक क्रम निर्माण करतो: न्याहारीच्या पदार्थांची यादी, पोहण्याच्या तलावांची संख्या, खोलीचे वर्णन. वाचकाच्या हाती माहितीपत्रक येते. वास्तविक तोच प्रत्यय 'राहणे' या सहायक क्रियापदाबरोबर आला की नेमके उलट कार्य करतो. 'पडून राहिलो', 'बसून राहिलो' यांत क्रिया संपून पुढे सरकत नाही, तिच्या परिणामाची अवस्था लांबते. म्हणजे भाषेजवळ साधन आहे. अडचण आहे ती मूल्याची. 'पडून राहणे', 'लोळणे', 'रेंगाळणे' ही क्रियापदे आपण प्रायः दुसऱ्याविषयी, आणि तीही तक्रारीच्या सुरात, वापरतो. प्रथमपुरुषात ती आली की लेखक लगेच मिस्कील होतो. स्वतःची थट्टा करून सुटका करून घेतो.

इंग्रजीस हे उपजत साधले होते असे मात्र समजू नये. ब्रायटनचा किनारा गजबजला तो अठराव्या शतकात, डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान औषध म्हणून सांगितल्यावर. औषध मागे पडून मौज उरण्यास तेथेही काळ जावा लागला. त्याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये सावरकरांनी सागरास उद्देशून लिहिलेली कविता मराठीतील सर्वांत प्रसिद्ध समुद्रकविता ठरली. एका विलासस्थळी जन्मलेल्या त्या कवितेत विलासस्थळाचा मागमूस नाही, आणि तो असण्याचे कारणही नव्हते. पण पुढील पिढ्यांच्या कानात समुद्र म्हटला की विरह हेच समीकरण घट्ट झाले. समुद्रासमोर नुसते बसणाऱ्या मराठी माणसास थोडे अपराधी वाटते, त्यात या समीकरणाचाही वाटा असावा.

'केवळ प्रौढांसाठी' या शब्दप्रयोगाने तर गोंधळ वाढवला आहे. संस्कृत नायिकाभेदात 'प्रौढा' ही प्रगल्भ. साक्षरतावर्गात 'प्रौढ' म्हणजे लिहिता-वाचता न येणारा. आणि चित्रपटांच्या प्रमाणपत्रांमुळे 'प्रौढांसाठी' म्हणजे चारचौघांत न सांगण्याजोगे. रिसॉर्टच्या संदर्भात विवक्षित अर्थ एवढाच असतो की तेथे मुलांचा गलबला नाही. जाहिरातीचा अनुवादक शब्द जसाच्या तसा उचलतो आणि साठीच्या दांपत्याला नातेवाइकांपुढे आपण कोठे गेलो होतो हे सांगण्याची पंचाईत होते. 'मुलांविना निवास' हे साधे वर्णन अधिक अचूक ठरेल.

या विषयावरील स्त्रियांचे लेखन मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याचा आरंभ बहुधा क्षमायाचनेने होतो: मुलांनीच आग्रहाने पाठवले, यजमानांची प्रकृती होती. पण पुढे कोठेतरी एक वाक्य निसटते, की चार दिवस आपल्याला कोणी 'आई' म्हणून हाक मारली नाही. संपूर्ण लेखात अनुभव असतो तो येथे. विवाहित स्त्रीच्या निरुद्देश विश्रांतीला मान्यता देणारी 'माहेरपण' ही एकच संस्था मराठीत होती. पण माहेरी ती कोणाची तरी लेक असते. कोणाचीच कोणी नसण्याचा अनुभव निराळा आहे. त्याला 'जणू माहेरपणच' म्हणून मोकळे होणारी लेखिका हातचे गमावते.

गोव्याच्या वर्णनांत 'सुशेगाद' हा शब्द हमखास येतो. पोर्तुगीजमधून कोंकणीत आलेल्या या शब्दाचा अर्थ निवांत, निश्चिंत. मराठी लेखक त्याचा अर्थ आळशी असा करतात आणि पहाटे जाळी ओढणाऱ्यांनाही तो लावतात. स्वतःच्या विश्रांतीसाठी जो शब्द कामी आला असता, तो यजमानांना टोमणा म्हणून खर्ची पडतो. संस्कृत 'वेला' या शब्दास काठ आणि काळ असे दोन्ही अर्थ होते. कोंकणीने 'दर्यावेळ' या शब्दात काठ राखला. मराठीच्या नित्य व्यवहारात 'वेळ' उरली ती घड्याळाची. काठासाठी आपल्याजवळ 'पुळण' हा उत्तम शब्द आहे, तो किनारपट्टीवर अजून बोलला जातो, आणि तरीही या लेखांत तो मला जवळजवळ कोठेच आढळला नाही. सर्वत्र 'बीच' आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी पनवेल ते मुरूड या पट्ट्यातील निवासस्थानांच्या पाट्या व माहितीपत्रके गोळा केली, आणि त्यांच्या शेजारी तेथे राहून आलेल्यांची तोंडी कथने ठेवली, तर छापील मराठी जे चुकवते ते बोली मराठीत कितपत आहे हे तपासता येईल.