तराजूला शिक्का आहे, रक्तशर्करेला काय?

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीत, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो भाविक येतात. गुलाल-खोबऱ्याची तेथे उधळण होते आणि दोन्ही वस्तू वजनावर विकल्या जातात. खोबरे तोलणाऱ्या दुकानदाराने आपला इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन खात्याकडून दर वर्षी तपासून घ्यावा, असा कायदा आहे. परंतु याच डोंगरावर राहणाऱ्या एखाद्याचे रक्त तपासणीसाठी खाली कोल्हापुरात गेले, तर तेथील मापाची अशी सक्तीची सरकारी पडताळणी होत नाही. खोबऱ्यात काटा मारला गेला तर चार-दोन रुपयांचे नुकसान होते. रक्तशर्करेच्या मापात चूक झाली, तर निरोगी माणूस वर्षानुवर्षे औषध घेत राहतो, किंवा ज्याला औषधाची गरज आहे तो बिनघोर राहतो.

मग ही मापे तपासतो कोण? आपल्या देशात हे काम बऱ्याच अंशी एका व्यावसायिक संघटनेने अंगावर घेतले. तिचे नाव असोसिएशन ऑफ क्लिनिकल बायोकेमिस्ट्स ऑफ इंडिया. रक्त, लघवी यांसारख्या नमुन्यांतील घटक मोजणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञांची ही संघटना १९७० च्या दशकात स्थापन झाली. तिचे इंग्रजी नियतकालिक १९८६ पासून निघते आणि तिची वार्षिक अधिवेशने भरतात. आमच्या मते तिचे सर्वांत मोलाचे काम मात्र वेगळेच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साहाय्याने तिने प्रयोगशाळांच्या गुणवत्तेची बाह्य तपासणी सुरू केली. या कामाचे गुण आणि उणिवा दोन्ही शिक्षकांनी समजून घ्याव्यात, म्हणून हे टिपण.

कल्पना कोठून आली?

१९४७ साली बेल्क आणि संडरमन या दोघांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना तपासणीसाठी एकसारखे नमुने पाठवले. आलेली उत्तरे इतकी वेगवेगळी होती, की वैद्यकीय जगाला धक्का बसला. पुढे १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांतला नियंत्रण-आलेख प्रयोगशाळेत आणला. कोल्हापूरच्या फौंड्री व्यवसायातील लोकांना हा आलेख परका वाटणार नाही. यंत्रावर तयार होणाऱ्या भागाचे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकू लागले की कारागीर यंत्र थांबवून पाहतो. रसायनज्ञानेही तेच करावयाचे असते.

बाह्य तपासणीची रीत सोपी आहे. एका ठिकाणी तयार केलेला एकच नमुना असंख्य प्रयोगशाळांकडे जातो. प्रत्येक जण तो मोजतो आणि उत्तर कळवतो. एकाच पद्धतीने मोजणाऱ्यांचा गट करून त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन काढतात. समजा, शर्करेची गट-सरासरी १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, प्रमाण विचलन ६ आणि आपले उत्तर १३५ आले. फरक १५, त्याला ६ ने भागले की २.५. हा आकडा २ च्या आत असला तर काम ठीक. २ ते ३ असेल तर कारण शोधावे. ३ च्या पुढे गेला तर काहीतरी निश्चित बिघडले आहे. दहावीच्या वर्गातल्या मुलालाही कळेल असे हे गणित आहे. त्याच्या बळावर हजारो प्रयोगशाळा स्वतःच्या चुका स्वतः पाहू लागल्या, याचे श्रेय या संघटनेला दिलेच पाहिजे.

चार उणिवा

पहिली उणीव ऐच्छिकतेची. या तपासणीत भाग घेणे सर्वांना सक्तीचे नाही. एनएबीएलची मान्यता हवी असेल तर अशी बाह्य तपासणी करावी लागते, पण मुळात ती मान्यताच ऐच्छिक आहे. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदाही राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. परिणामी जो आधीच काळजी घेतो तोच परीक्षेला बसतो. ज्याने बसायला हवे तो घरीच राहतो. कायदा करणे संघटनेच्या हाती नाही हे खरे. पण त्यासाठी जनमत तयार करणे तिला अशक्य नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. गटाशी जुळणे म्हणजे खरे असणे नव्हे. शर्करा मोजण्याची फोलिन-वू पद्धत १९२० पासून कित्येक दशके जगभर वापरात होती. तीत ग्लुकोजखेरीज रक्तातले इतर क्षपणकारी पदार्थही मोजले जात, त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येई. ती पद्धत वापरणारे सगळे एकमेकांशी उत्तम जुळले असते, आणि सगळेच चुकले असते! यावर उपाय म्हणजे अचूक संदर्भ-पद्धतीने किंमत ठरवलेला नमुना वाटणे. असे नमुने महाग असतात. तरीही निदान शर्करा, क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल यांच्यासाठी संघटनेने हा मार्ग नियमाने धरावा, अशी आमची अपेक्षा आहे.

तिसरी उणीव वाटेवरची. परीक्षेचा नमुना ओळखून येतो आणि काळजीने हाताळला जातो. पण जोतिबावर सकाळी घेतलेले रक्त सुमारे १८ किलोमीटर घाट उतरून कोल्हापुरात पोचते, तो प्रवास या परीक्षेत मोजलाच जात नाही. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि शर्करा खात राहतात. साध्या नळीत शर्करा तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. ६ टक्के धरले तर १२६ चे दोन तासांत सुमारे १११ होतात. म्हणून करड्या झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड घालतात. त्यालाही ही घट पूर्ण थांबवायला एक-दोन तास लागतात. तेव्हा नमुना थंड ठेवणे आणि त्यातला द्रवभाग लवकर वेगळा करणे हाच खरा इलाज. यंत्र कितीही नेमके असले, तरी उशिरा आलेल्या नळीत उरले असेल तेवढेच ते मोजणार.

चौथी उणीव आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. या सगळ्या खटाटोपातून मिळालेले ज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशी थांबते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर एकच आकडा असतो आणि शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते. त्या आकड्यात किती मागे-पुढे असू शकते, याचा उल्लेख सहसा नसतो. अमेरिकेत प्रयोगशाळांच्या परीक्षेत शर्करेसाठी १० टक्क्यांपर्यंतची तफावत चालत असे. २०२५ पासून ती ८ टक्क्यांवर आणली. ८ टक्के धरले तरी खरे १२६ असताना ११६ ते १३६ मधले कोणतेही उत्तर परीक्षेत उत्तीर्ण ठरते. उपाशीपोटीच्या शर्करेसाठी मधुमेहाची सीमारेषा आहे नेमकी १२६, आणि १९९७ पूर्वी ती १४० होती. म्हणूनच लक्षणे नसताना एकाच आकड्यावर निदान करू नये, तपासणी पुन्हा करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. १२४ आले म्हणून पेढे वाटणारा आणि १२८ आले म्हणून खचून जाणारा, या दोघांच्या रक्तात कदाचित काहीच फरक नसेल.

यावर असे म्हटले जाईल, की तफावत छापली तर लोकांचा तपासणीवरचा विश्वास उडेल. आम्हाला हे पटत नाही. हवामानाचा अंदाज शक्यतेच्या भाषेत सांगितला म्हणून कोणी वेधशाळा बंद करा म्हणत नाही. शिवाय मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना लागू असलेल्या आयएसओ १५१८९ या मानकानुसार, विचारणा झाल्यास मापनातील अनिश्चितता सांगणे बंधनकारकच आहे. विचारायचे असते, हे मात्र लोकांना कोणी सांगितलेले नाही. संघटनेने आपल्या परीक्षांचा गोषवारा, प्रयोगशाळांची नावे गुप्त ठेवून, दर वर्षी मराठीसह देशी भाषांत काढावा, ही आमची सूचना आहे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांनी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतले सगळे तापमापक एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवा. मुलांना एकमेकांचे न पाहता वाचन लिहू द्या, मग सरासरी आणि प्रमाण विचलन काढून घ्या. ही झाली बाह्य तपासणी. आता तेच तापमापक वितळत्या बर्फात ठेवा. तेथे खरे उत्तर ० अंश आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. आपसात जुळणारे तापमापकही येथे एकजुटीने चुकलेले सापडतील, आणि दुसरी उणीव मुलांना न सांगता उमगेल.

संदर्भ म्हणून उकळते पाणी घ्यायचे असेल, तर आपली शाळा किती उंचीवर आहे ते आधी पाहा. जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९५० मीटर उंच आहे. तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. पुस्तकातले १०० अंश खरे मानून तेथला शिक्षक चांगले तापमापक फेकून देईल! नंतर मुलांना घरातला रक्ततपासणीचा एखादा जुना कागद, नाव झाकून, आणायला सांगा आणि त्यांच्याकडून तीन प्रश्न लिहून घ्या: नमुना घेतल्यापासून तो मोजेपर्यंत किती वेळ गेला? कोणत्या पद्धतीने मोजला? या आकड्यात किती मागे-पुढे धरावे? पहिल्या दोहोंची उत्तरे काही कागदांवर मिळतील. तिसरे उत्तर मुलांनी प्रयोगशाळेत जाऊन विचारावे.