शरियतचे पहारेकरी आणि बहिणीचा सातबारा

निवडणूक जवळ आली की दोन प्रकारच्या पुढाऱ्यांना आमच्या आयाबहिणींची आठवण होते. एक म्हणतो, "शरियत खतरे में है." दुसरा म्हणतो, "मुस्लिम भगिनींना आम्हीच न्याय दिला." दोघांच्याही सभेत व्यासपीठावर बाई नसते. आम्ही या दोघांच्याही विरोधात आहोत, हे आधीच सांगून टाकतो. नि:पक्षपातीपणाचा आव आम्हाला आणायचा नाही.

आधी घरच्यांचे पाहू. इंदूरच्या शाहबानो प्रकरणात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी मंजूर केली होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एका म्हाताऱ्या तलाकपीडितेच्या एवढ्याशा रकमेने आमच्या नेत्यांची झोप उडाली. गावोगाव मोर्चे निघाले. दबाव इतका आला की खुद्द शाहबानोने मिळालेला हक्क नाकारला. संसदेत निकालाची बाजू मांडणारे आरिफ मोहम्मद खान मंत्रिपद सोडून बाहेर पडले. राजीव गांधींच्या सरकारने १९८६ मध्ये कायदा करून पतीची जबाबदारी इद्दतपुरती ठेवली आणि पुढचा भार नातेवाइकांवर व वक्फ बोर्डावर टाकला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतील कुलूप उघडले गेले होते. एका हाताने आमच्या सनातन्यांना खूश केले, दुसऱ्या हाताने त्यांच्या. किंमत मात्र आम्ही मोजली.

आता दुसरी गोष्ट पाहा. जिच्यासाठी एवढे रण माजले, ती शरियत या देशात १९३७ च्या कायद्याने लागू आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमीन वगळलेली आहे. शेतजमीन तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होती हे कारण खरे, पण ही सूट जमीनदारांच्या सोयीची होती हेही तितकेच खरे. पुढे मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये ही उणीव दूर केली. उत्तर प्रदेशात मात्र जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यानुसार मुलगा हयात असता विवाहित मुलीच्या वाट्याला शेतजमीन येत नसे. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे. मग या जमिनीसाठी तसा मोर्चा का निघाला नाही? तेव्हा शरियत धोक्यात नव्हती काय?

आपल्याकडे अडचण कायद्यापेक्षा रिवाजाची आहे. बाप वारला की सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात आणि लगेच हक्कसोडपत्राचे कागद तयार होतात. भाईजान म्हणतात, "सही कर, माहेर तुझंच आहे." बहीण सही करते, कारण सही केली नाही तर ईदला दार उघडणार नाही याची तिला भीती असते. असे भाईजान आमच्या पुढाऱ्यांच्या घरांतही आहेत. तलाक देण्याच्या हक्कासाठी शरियत, वाटा देण्याच्या वेळी रिवाज! हे दीनवर प्रेम नाही, जमिनीवर प्रेम आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या कैवाऱ्यांकडे वळू. हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्या बिलाला कडवा विरोध करणाऱ्यांत संघ आणि हिंदू महासभा होती. त्यांचे वारस आज समान नागरी कायद्याचे धडे आम्हाला देतात. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्येच रद्द ठरवला होता आणि आम्ही त्याचे स्वागत केले. तरीही २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. बायकोला नुसते टाकून देणारा नवरा कोणत्याही धर्मात असतो. त्याला मात्र असा तुरुंग नाही.

या न्यायाची खरी परीक्षा १५ ऑगस्ट २०२२ रोजी झाली. लाल किल्ल्यावरून स्त्रीसन्मानाचे भाषण झाले आणि त्याच दिवशी बिल्किस बानोचे अकरा गुन्हेगार गुजरातेत तुरुंगाबाहेर आले. त्यांना हार घातले गेले. गोध्र्याच्या भाजप आमदाराने त्यांच्या संस्कारांची तारीफ केली. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, तेव्हा कुठे ते परत आत गेले. मुस्लिम भगिनींचे हे भाऊ त्या दिवशी कुठे होते? आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली. मुलीने कोणाशी लग्न करावे हे सरकार ठरवू पाहते, आमचे मौलवी-पुढारीही तेच ठरवू पाहतात. टोपी आणि टिळा वेगळे, पहारा एकच.

आमच्या स्त्रियांना या दोघांनीही फारसे काही दिले नाही. १९६६ मध्ये हमीद दलवाईंबरोबर सात स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर चालून गेल्या, तेव्हा पाठीशी कोणताही पक्ष नव्हता. १९८६ च्या कायद्यातून पुन्हा पोटगीची वाट निघाली ती २००१ च्या डॅनियल लतिफी निकालाने. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी मागता येते. म्हणजे ज्या रकमेसाठी रान पेटवले, ती शेवटी मिळालीच. मधली वर्षे मात्र आमच्या बहिणींची गेली.

वाचकहो, पुढच्या वेळी मत मागायला जो येईल त्याला विचारा, तुमच्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे काय? बिल्किसच्या वेळी तुम्ही काय बोललात? पण हे विचारण्याआधी आपल्या घरातला सातबारा एकदा काढून पाहू या. तिथे बहिणीचे नाव खोडलेले असेल, तर पुढाऱ्याला जाब विचारताना आपलाच आवाज बसेल.