सभेला बाया, सत्तेला बाप्ये

आपल्या चळवळीत बायांचं कौतुक कमी नाही. मोर्चात पुढं बाया, जयंतीच्या मिरवणुकीत पुढं बाया, लाठी खायलाही बायाच. आपल्या कवितेत तर माय जागोजाग भेटते. मोळी वाहणारी, शेण काढणारी, उपाशी राहून लेकराला शिकवणारी. पण ग्रामपंचायतीचा अर्ज भरणारी माय किती कवितांत आहे? मला तरी ती हुडकावी लागते. वेदना सोसणारी बाई आपल्याला चालते, सत्ता मागणारी बाई आपण लिहीत नाही.

हा सवाल डोक्यात ठेवून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' पुन्हा वाचलं. पुस्तक १९८९ चं. प्रस्थापित इतिहासकारांनी ज्यांची दखल घेतली नाही आणि आपल्या पुढाऱ्यांनीही ज्यांना विसरून टाकलं, त्या बायांना या दोघींनी गाठलं, बोलतं केलं. पदरमोड करून, वणवण फिरून केलेलं हे काम आहे. विद्यापीठातल्या प्रबंधापेक्षा त्याचं मोल मला जास्त वाटतं, कारण इथं बाई स्वतः बोलते.

या इतिहासातला एक दिवस मला सोडत नाही. २० जुलै १९४२, नागपूर. दलित महिलांची परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, गिरणीतल्या बाईचे हाल, असे ठराव झाले. त्यातच एक ठराव असा की विधिमंडळात आणि इतर लोकनियुक्त संस्थांत आमच्या बायांना राखीव जागा हव्यात. नीट ध्यानात घ्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांना दिल्या त्या १९९३ ला. महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या २०११ ला. आपल्या आया पन्नास वर्षं पुढं होत्या! म्हणून "बायांना राजकारणातलं काय कळतंय" असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती आधी हे पुस्तक द्यावं.

माझी तक्रारही आहे. मुलाखतींत बाबासाहेबांना पाहिल्याची आठवण भरभरून येते, ती यावीच. पण त्या ठरावाचं पुढं काय झालं, तिकीट कुणी नाकारलं, घरात कोण आडवं आलं, हे आणखी खोदायला हवं होतं. शांताबाई दाणी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये घडल्या, विधान परिषदेत गेल्या. अशा आणखी दहाजणी का नाही गेल्या? पुस्तक जिथं थांबतं तिथून आपलं काम सुरू होतं.

मी हे नवलाख उंबऱ्याच्या अंगानं वाचतो. इथून जवळ तळेगावात बाबासाहेबांचं घर, देहूरोडला १९५४ साली त्यांनी बुद्धमूर्ती बसवली. उंबऱ्याच्या शिवारात एमआयडीसी आली. कारखाना आला की ग्रामपंचायतीला कर येतो, ठेके येतात, आणि खुर्चीला किंमत येते. मग राखीव जागेवर कोणती बाई उभी राहणार हे वस्तीत ठरत नाही, वाड्यावर ठरतं. गावोगाव हीच तऱ्हा. सही बाईची, कारभार नवऱ्याचा. त्याला 'सरपंचपती' असा मानाचा शब्दसुद्धा निघाला!

तेव्हा मित्रांनो, नुसतं "ताई, उभ्या राहा" म्हणून भागत नाही. राखीव जागेला जात पडताळणी लागते. बाईची जात माहेरच्या कागदावरून ठरते, म्हणजे बापाचे, आज्याचे दाखले तिच्या माहेरच्या गावाहून आणावे लागतात. ते निवडणूक लागल्यावर हुडकून मिळत नाहीत. आजच तिच्यासंगं तहसीलला जा. तिला सांगा की खुल्या जागेवरही तिचा हक्क आहे. अविश्वासाची भीती घातली तर सांगा की महिला सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश मतं लागतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, ती कागदावर उरकू देऊ नका. आणि ती निवडून आली की नवऱ्याला बाहेर बसवा, मग तो आपला कार्यकर्ता का असेना. ती मीटिंगला असताना घरी भाकरी कोण थापणार, हेही आधी ठरवा.

आणि लिहिणाऱ्यांनो, तिची हकिगत लिहा. ती हरली तरी लिहा. कुणी पाडली, कशी पाडली, नावगावासकट. पवार-मून यांच्या पुस्तकाचा पुढचा भाग तोच असेल.

जयभीम.