डॉ. साळुंखे आणि न बोललेले साक्षीदार

गुन्ह्याच्या शोधाची कथा मराठी घराला नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि धनंजय-छोटू या जोडीने आपल्या आधीच्या पिढ्यांना रात्र रात्र जागवले. पुढे ती जागा दूरचित्रवाणीने घेतली. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका २०१८ पर्यंत अखंड वीस वर्षे चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा नव्याने सुरू झाली. रात्रीची प्रार्थना व जेवणखाण आटोपून आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे या मालिकेसमोर बसत आली आहेत. तिच्यातील फ्रेडरिक्स हे नाव ऐकून आपल्या मुलांनी कान टवकारले असतील. मालिकेने त्याच्या वाट्याला विनोद तेवढा ठेवला, ही गोष्ट वेगळी. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मात्र दुसऱ्या एका पात्राचा. ते पात्र म्हणजे नरेंद्र गुप्ता यांनी रंगविलेले न्यायवैज्ञानिक डॉ. साळुंखे.

विज्ञाननिष्ठ शोधकाची ही परंपरा जुनी आहे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स वाचकाला प्रथम भेटतो तो एका रुग्णालयाच्या रसायनशाळेत, रक्ताची नवी परीक्षा सापडल्याच्या आनंदात. होम्स हा हेर आणि रसायनज्ञ दोन्ही होता. ‘सी.आय.डी.’ने ही दोन कामे वाटून दिली. एसीपी प्रद्युम्न तर्क करतात, दया दार तोडतो आणि डॉ. साळुंखे रंगीत द्रवांनी भरलेल्या काचनळ्यांमधून सत्य बाहेर काढतात. एक मराठी आडनावाचा, थोडा तिरसट, परंतु आपल्या विद्येवर निष्ठा असलेला शास्त्रज्ञ देशभरच्या घराघरांत पोहोचला, ही या मालिकेची जमेची बाजू होय. पोलिसांच्या काठीपेक्षा सूक्ष्मदर्शकाला मान देणारे पात्र आपल्या लोकप्रिय कलेत फारसे नव्हते. त्या पात्रामुळे एखाद्या मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागली असेल, तर त्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे.

पण हे चित्र कितपत खरे आहे? आणि ते खोटे असेल, तर त्या खोटेपणाची किंमत कोण मोजतो?

पहिली चूक वरवरची वाटते, पण तशी ती नाही. डॉ. साळुंखे प्रेताची तपासणी करतात, विष ओळखतात, रक्ताचा गट सांगतात, बंदुकीची गोळी पाहतात आणि ठसेही जुळवतात. प्रत्यक्षात ही निरनिराळ्या माणसांची कामे आहेत. शवविच्छेदन करतो तो सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी. गळ्यावरचा वण तिरपा व अपुरा आहे की आडवा व पूर्ण वेढा घालणारा, कंठास्थी मोडली आहे की शाबूत आहे, हे तो पाहतो. गळफास आणि गळा आवळणे यांतील भेद त्यावरून ठरवण्याचा प्रयत्न होतो. व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरण्या लाखेने बंद केल्या जातात आणि मोहोरेचा नमुना सोबत जोडला जातो. मग एखादा शिपाई तो मुद्देमाल घेऊन प्रयोगशाळेत जातो. तेथील रासायनिक विश्लेषकाने मृताचे तोंडही पाहिलेले नसते. त्याच्यासमोर असते ती एक बरणी, एक क्रमांक आणि पोलिसांचे पत्र.

महाराष्ट्रात हे काम गृहखात्याच्या अखत्यारीतील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिना येथे आहे; नागपूर, पुणे, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), नाशिक, अमरावती येथे प्रादेशिक शाखा आहेत. पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत त्यांच्या अहवालाला ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, कारण तो देणाऱ्या अधिकाऱ्याचे जुने नाव केमिकल अ‍ॅनालायझर असे आहे. या अहवालाची भाषा कोरडी असते. कपड्यावर मानवी रक्त आढळले, गट अमुक, अथवा गटाबाबत निष्कर्ष काढता आला नाही. विष आढळले अथवा आढळले नाही. मालिकेत जे उत्तर जाहिरातीच्या मध्यंतरात मिळते, त्यासाठी तपास अधिकाऱ्याला प्रत्यक्षात कित्येक महिने वाट पाहावी लागू शकते. विशेष म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार हा अहवाल, तो लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येत असे. न्यायालयाला वाटले तरच त्याला साक्षीस बोलावले जाई. नव्या कायद्यानेही ही सोय कायम ठेवली आहे. साळुंखे पडद्यावर सतत बोलतात. खरा विश्लेषक बहुधा कागदावरच बोलतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. मालिकेचा शेवट ठरलेला असतो. शास्त्रज्ञ पुरावा पुढे टाकतो, पोलीस दरडावतात आणि गुन्हेगार पोलिसांसमोर सर्व कबूल करतो. येथे कथा संपते. न्यायालय येते ते क्वचितच. उलटतपासणी, तारखा, साक्षीदाराची थरथर यांना तेथे जागा नाही. गंमत अशी, की १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे प्रेक्षक ज्या क्षणाला टाळ्या वाजवतो, तोच क्षण न्यायालय बाजूला ठेवते. खऱ्या न्यायाची कथा जेथे सुरू होते, तेथे मालिकेचा पडदा पडतो.

आता ही तक्रार केवळ रसिकाची नाही, हे दाखवण्यासाठी आपल्याच राज्यातील एका गावाकडे वळतो. जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे शालेय इतिहासात आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेल्या अवस्थेत आढळला. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलत असल्याच्या रागातून त्याला मारहाण करून ठार केले, आणि मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारातच झाली, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. खटला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) सत्र न्यायालयात चालला. एकामागून एक साक्षीदार आपल्या आधीच्या जबाबांपासून फिरले. त्यांत शाळेशी संबंधित माणसेही होती. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली.

कोण दोषी होते, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. न्यायालयाने आपल्यासमोरील पुराव्यावर निकाल दिला. परंतु तो मुलगा स्वतःहून गेला, असे मानायला कोणी तयार नव्हते, आणि त्याला कोणी मारले, हे कोणी सांगितले नाही. या दोन वाक्यांमधील पोकळीत डॉ. साळुंखे उभे करून पाहावे. प्रयोगशाळा काय सांगू शकेल? मृत्यू कसा आला, अंगावर कोणत्या जखमा, कपड्यावर कोणाचे रक्त. दिवसाढवळ्या शाळेच्या आवारातून मुलगा कोणाबरोबर बाहेर पडला, हे कोणतीही काचनळी सांगू शकत नाही. ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानेच सांगावे लागते. अशा फिरलेल्या साक्षीदाराला न्यायालयाच्या मराठीत ‘फितूर’ म्हणतात. किल्ल्याचे दार आतून शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी जो शब्द होता, तोच हा. खर्ड्यात आजही किल्ला उभा आहे. शब्दाचा मूळ अर्थ तेथे वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

फितुराला नुसते दूषण देऊन मात्र भागणार नाही. ज्याचे शेत, दुकान किंवा नोकरी त्याच गावात आहे, त्याने एकट्याने उभे राहावे ही अपेक्षा ठेवणे सोपे असते, आणि ती ठेवणारे आपण बहुतेक दूर राहतो. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे खर्ड्याचा निकाल लागून वर्ष उलटल्यावर. अहमदनगरच्या सत्र न्यायालयानेच, खर्ड्याच्या निकालानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी शेजारच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या खटल्यात शिक्षा सुनावली. तेथे साक्षीदार टिकून राहिले, शासन आणि समाज त्यांच्या पाठीशी उभा होता. दोन्ही मुले याच मातीतली होती. कोणत्या साक्षीदारामागे कोण उभे राहते, यात जातीचा आणि संख्येचा किती वाटा असतो, हा प्रश्न या दोन तारखा आपल्यापुढे ठेवतात.

लोकप्रिय कलेला एवढे गांभीर्य पेलत नाही, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एका मराठी दिग्दर्शकाने दिले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात गटारात उतरलेल्या एका सफाई कामगाराच्या मृत्यूवरून वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला भरला जातो. तेथे पांढऱ्या कोटातील कोणी तज्ज्ञ येऊन सत्य उलगडत नाही. मृत कामगाराची विधवा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि साध्या आवाजात सांगते, की गटारात उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का हे तो पाहत असे. झुरळ जिवंत असले तर आत हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पीत असे. संरक्षणाचे साहित्य त्याला नव्हते. झुरळाची ही परीक्षा कोणत्याही ग्रंथात नाही, पण त्या खटल्यातले खरे न्यायविज्ञान तीच आहे. त्या बाईला कोणी दरडावत नाही, ती कोणाला वाचवायला किंवा अडकवायला आलेली नाही. विचारले तेवढे ती खरे सांगते, आणि खटल्याचा पायाच डळमळतो. विज्ञान आणि साक्ष यांचा योग्य संबंध मला या प्रसंगात दिसतो. पुरावा माणसाच्या शब्दाला आधार देतो. त्याची जागा घेत नाही.

‘सी.आय.डी.’वर माझा मुख्य आक्षेप तोच आहे. ती मालिका वीस वर्षे प्रेक्षकाला एक सुखद समजूत देत राहिली, की वस्तू बोलतात, म्हणून माणसांनी बोलण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या घरातला आरडाओरडा ऐकूनही दार लावून घेणाऱ्याला ही समजूत सोयीची आहे. १ जुलै २०२४ पासून सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तज्ज्ञ घटनास्थळी पोहोचेल तेव्हा गाव तेथे असेल का, हे कायदा ठरवू शकत नाही.

बरणीवरचा क्रमांक पाहून आयुष्यभर काम करणाऱ्या, मृताचे नाव नेहमी माहीत नसतानाही त्याच्यासाठी खरे तेच लिहिणाऱ्या विश्लेषकावर एखादी चांगली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. ती कोणी लिहावी, असे मनापासून वाटते. तिचा शेवट प्रयोगशाळेत करू नये. अहवाल न्यायालयात वाचला जात असताना बाहेरच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या साक्षीदारापाशी तो करावा. त्याचे नाव पुकारले जाते, आणि तो उठतो की नाही, एवढेच लेखकाने सांगावे.