शशिकला : ‘खलनायिका’ ह्या संज्ञेची मर्यादा

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात शशिकला ह्यांचे नाव बहुधा एकाच शब्दाच्या सोबतीने येते : खलनायिका. ह्या शब्दाने त्यांच्या कारकिर्दीतील एका टप्प्याचे वर्णन होते. अभिनयाचे होत नाही. किंबहुना तो शब्द उच्चारला की अभिनयाची चिकित्सा करण्याची गरजच संपली, असे समीक्षकांनी मानलेले दिसते.

शशिकला जवळकर ह्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. वडील व्यापारी होते व घरची स्थिती उत्तम होती. अगदी बालवयापासून त्या सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या रंगमंचांवर नाचत, गात व अभिनय करीत. पुढे व्यापार बुडाला आणि कुटुंबाला मुंबईची वाट धरावी लागली. हौसेची कला अशा रीतीने उपजीविकेचे साधन झाली. नूरजहाँ ह्यांच्या आश्रयामुळे शौकत हुसेन रिझवी ह्यांच्या ‘झीनत’ (१९४५) ह्या चित्रपटातील स्त्रियांच्या कव्वालीत त्यांना स्थान मिळाले. फाळणीनंतर नूरजहाँ व रिझवी पाकिस्तानात गेले, आणि हा आधारही नाहीसा झाला. त्यानंतरची काही वर्षे लहानमोठ्या भूमिकांची आहेत. शांताराम ह्यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) ह्या चित्रपटातील भूमिका त्यांपैकीच. नायिकापद मात्र स्थिरपणे लाभले नाही.

बिमल रॉय ह्यांच्या ‘सुजाता’ने (१९५९) प्रथम ह्या अभिनेत्रीचा खरा गुण ओळखला. हा गुण म्हणजे चपळ, बोलका, क्षणार्धात रंग पालटणारा चेहरा. नूतन ह्यांची सुजाता ही दलित अनाथ मुलगी. रमा ही घरची सख्खी कन्या. ज्या तरुणाशी रमेचा विवाह व्हावा अशी वडीलधाऱ्यांची इच्छा आहे, तो सुजातेवर प्रेम करू लागतो. एखाद्या सामान्य कथालेखकाने येथे मत्सराची ठिणगी टाकली असती. शशिकला ह्यांची रमा मात्र मत्सराला जागाच देत नाही. सुलोचनाबाईंनी रंगविलेल्या आईच्या मनातील भेदभाव मुलीपर्यंत पोचलेलाच नाही, हे रमेच्या सहज हालचालींतून, बहिणीशी चाललेल्या थट्टेतून प्रेक्षकाला कळते. चित्रपटातील सामाजिक विचाराचा बराच भार ह्या दुय्यम भूमिकेवर आहे, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवीत नाही.

तीन वर्षांनी हाच चपळ चेहरा दोषास्पद ठरला. फणी मजुमदार ह्यांच्या ‘आरती’मध्ये (१९६२) मीनाकुमारी ह्यांच्या सोशिक नायिकेसमोर शशिकला घरात कलह माजविणाऱ्या जसवंतीच्या रूपाने उभ्या राहिल्या. ह्या भूमिकेस व लगोलग ‘गुमराह’मधील (१९६३) भूमिकेस साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाने अभिनेत्रीचा गौरव झाला आणि त्याच वेळी तिची वाटही आखली गेली.

‘गुमराह’ची रचना येथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. दिवंगत बहिणीच्या मुलांसाठी तिच्या पतीशी विवाह केलेली मीना पूर्वीच्या प्रियकराला चोरून भेटते. लीला नावाची एक स्त्री आपण त्या प्रियकराची पत्नी असल्याचे सांगून मीनेस धाक घालू लागते. धमकीच्या मागे धमकी येते. अखेरीस उलगडते ते असे, की लीला ही मीनेच्या पतीच्याच कार्यालयातील सेक्रेटरी आहे आणि हे सारे त्याच्याच सांगण्यावरून चालले होते. म्हणजे कथेतील खलनायिका हीच मुळी एक सोंग आहे, आणि त्या सोंगाचा सूत्रधार अशोककुमार ह्यांनी रंगविलेला सज्जन गृहस्थ आहे! दुष्टपणाची सारी बदनामी लीलेच्या वाट्याला येते. पत्नीला भयाने छळणारा पती क्षमाशील म्हणून मान्यता पावतो. बी. आर. चोप्रा ह्यांना हा विरोध जाणवला होता की नाही, हा प्रश्न वेगळा. शशिकला ह्यांनी मात्र लीलेच्या हसण्यात एक अतिरेक ठेवला आहे. प्रथम तो भडक वाटतो. उलगडा झाल्यावर तो सोंग वठविणाऱ्या स्त्रीचा अतिरेक म्हणून पटतो.

ललिता पवार ह्यांच्या दुष्ट सासूशी तुलना केल्यास ह्या भूमिकांचे वेगळेपण स्पष्ट होते. ती सासू वयाच्या व अधिकाराच्या बळावर छळते. शशिकला ह्यांची स्त्री नायिकेच्याच वयाची. पुष्कळदा नायिकेपेक्षा अधिक धीट. तिच्यापाशी कौटुंबिक अधिकार नाही, आहे ती केवळ वाक्पटुता. मोठ्याने हसणाऱ्या, पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडविणाऱ्या स्त्रीविषयी त्या काळच्या मध्यमवर्गाला वाटणारी धास्ती ह्या भूमिकांत साकार झाली, असे म्हणण्यास आधार आहे. आणि तो आधार खुद्द हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या ‘अनुपमा’त (१९६६) सापडतो. तेथील अनिता तितकीच वाचाळ, तितकीच धीट आहे. परंतु शर्मिला टागोर ह्यांच्या मूक उमेची ती जिवलग मैत्रीण आहे. डोळ्यांची तीच फेक, बोलण्याची तीच घाई. दिग्दर्शकाची दृष्टी तेवढी बदलली.

त्याच वर्षीच्या ‘फूल और पत्थर’मधील रिटा मात्र पुन्हा जुन्याच वळणाची आहे. तेथे आणि पुढील अनेक चित्रपटांत भुवई उंचावणे व ओठ मुरडणे ही ठरीव खूण झाली, हे नाकारता येणार नाही. मागणीप्रमाणे पुरवठा करण्याची सवय कलावंतालाही जडते.

मधल्या काळात काही वर्षे त्या चित्रसृष्टीपासून दूर झाल्या व कलकत्त्यास मदर तेरेसा ह्यांच्या संस्थेत रुग्णसेवेत रमल्या. परतल्यानंतर चित्रपटांबरोबर ‘सोनपरी’सारख्या दूरचित्रवाणी मालिकांतूनही त्या दिसू लागल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहान पडद्याने त्यांना घरातील वडीलधारी स्त्री केले. ह्या भूमिकांत मायाळूपणा पुष्कळ होता. ‘अनुपमा’तील अनिता म्हातारी झाली असती तर कशी बोलली असती, हे दाखविणारी भूमिका मात्र ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन होईपर्यंत कोणी लिहिली नाही.