पूर्वपक्षाचा पत्ता : ‘अष्टदर्शने’ आणि सिद्धान्तांचा उगम

सिंधुदुर्गातील देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी ‘अष्टदर्शने’ (२००३) या ग्रंथात आठ तत्त्वज्ञांची दर्शने पद्यबद्ध केली. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहौअर, नित्शे आणि बर्गसाँ हे सात कालक्रमाने येतात. आठवा येतो तो या सर्वांच्या कित्येक शतके आधीचा चार्वाक. या क्रमभंगाकडे स्वदेशीयाला दिलेला मानाचा विडा म्हणून पाहणे सोपे आहे. वस्तुतः सिद्धान्ताचा उगम कोठे शोधावयाचा, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

उगमाची एक कथा चरित्राची असते : १६१९ च्या नोव्हेंबरात उबदार खोलीत देकार्तला पडलेली स्वप्ने, किंवा न्यूटनचे सफरचंद. दुसरी कथा वादाची. आपल्याकडील शास्त्रग्रंथांची रचना या दुसऱ्या कथेवर उभी आहे : आधी पूर्वपक्ष, मग खंडन, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष वगळला की उरते ते केवळ मत.

कांटचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक आहे. कार्यकारणसंबंधाची अनिवार्यता अनुभवात सापडत नाही, ती सवयीने मानली जाते, या ह्यूमच्या प्रतिपादनाने आपली मताग्रही झोप मोडली, अशी कबुली कांटने १७८३ च्या ‘प्रोलेगोमेना’त दिली. विंदांच्या आठांत ह्यूम नाही. त्यामुळे देकार्त-स्पिनोझांच्या बुद्धिवादातून कांट सरळ उगवल्यासारखा दिसतो. ज्या अडचणीतून त्याचे दर्शन निघाले ती अडचण या क्रमात दिसत नाही. निवडीचा अधिकार कवीचा हे मान्य करूनही ही उणीव क्षुल्लक ठरत नाही.

शोपेनहौअरपाशी प्रश्न अधिक गुंततो. १६५७ मध्ये दारा शुकोहने उपनिषदे फारसीत आणली. त्यावरून आंकतिल-द्युपेरोंने केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये निघाले आणि १८१४ मध्ये वायमार येथे ते शोपेनहौअरच्या हाती पडले. त्यामुळे त्याचे दर्शन वेदान्तातून निघाले, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे वारंवार होतो. तो आवरलेला बरा. त्याचा कांटप्रणीत पाया १८१३ च्या प्रबंधातच घातला गेला होता. शिवाय उपनिषदांतील विधाने आपल्या विचारातून निष्पन्न करता येतील, उलट मात्र आपला विचार उपनिषदांत सापडणार नाही, असे त्याने मुख्य ग्रंथाच्या १८१८ च्या प्रस्तावनेत बजावले. वेदान्ताचे ब्रह्म आनंदरूप. त्याची ‘इच्छा’ आंधळी, दुःखमूल. असे दर्शन मराठीत येताना ‘माया’सारखा शब्द वाचकाला शंकराचार्यांकडे ओढतो. ‘अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण’ (१९८१) करणाऱ्या कवीला या ओढीची कल्पना असणारच. ज्ञानदेवांचे दर्शनही तेथे अज्ञानवादाला पूर्वपक्ष करूनच सिद्ध होते. सातवे आणि सर्वांत प्रदीर्घ प्रकरण त्या खंडनाचेच आहे.

चार्वाकाचे नेमके उलटे आहे. बार्हस्पत्य सूत्रे समग्र उपलब्ध नाहीत. चार्वाक भेटतो तो मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतील पूर्वपक्ष म्हणून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सोळा दर्शनांत तो पहिला आहे, कारण तेथील मांडणी खालच्या पायरीवरून अद्वैताकडे चढते. सर्वांआधी खोडून काढावयाचे म्हणून ते पहिले स्थान. विंदांनी ही शिडी उलटी धरली. बर्गसाँच्या जीवनप्रेरणेनंतर देहवादी बोलू लागतो, आणि ज्याला सर्वांनी उत्तरे दिली तोच उत्तर देणारा ठरतो. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी मराठीत चार्वाकाची जी पुनर्मांडणी केली, तिच्या शेजारी हे दर्शन ठेवून वाचावयास हवे.

अडचण पुराव्याची आहे. विरोधकांनी जपलेल्या वाक्यांत सिद्धान्त कोणता आणि उपहास कोणता? ऋण काढून तूप पिण्याचा प्रसिद्ध उपदेश दुसऱ्या प्रकारात मोडण्याची शक्यता मोठी. अनुमानावरचा आक्षेप मात्र भक्कम आहे. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती सर्वत्र, सर्वकाळी आहे हे प्रत्यक्षाने कसे कळणार, हा माधवाचार्यांनीच नोंदवलेला चार्वाकाचा प्रश्न ह्यूमच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभतो. हा प्रश्न सोबत ठेवून आठवे दर्शन वाचणाऱ्याला तिसऱ्या दर्शनामागचा गाळलेला पूर्वपक्ष तेथे, ग्रंथाच्या अखेरीस, भेटू शकतो.